पेशंटचं जवळचं माणूस

“भाडेकरू बाई, ताईचं सामान बांधून ठेवा. आजच नेतो आम्ही तिला,” मास्तरचा भाऊ म्हणाला, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मास्तर बायकांना गाडी चालवायला शिकवते, म्हणून अख्खी गल्ली तिला मास्तर म्हणते. मी पडदे शिवते. केस काळे होते तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात राहतो. मागच्या महिन्यात तिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाही. आता तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते. पण घर कुठलं, यावरून भर वॉर्डात आमची जुंपली होती.

“थांबा, थांबा,” औषधं देणारी सिस्टर मध्येच म्हणाली. “भाडेकरू कशा? या पेशंटच्या बहीण ना?”

“बहीण? आम्हाला ही एकच ताई आहे,” भाऊ म्हणाला.

झालं! पितळ उघडं पडलं. तिच्या भावासाठी मी भाडेकरू. घरमालकासाठी आम्ही नणंद-भावजय. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी मावसबहीण, आणि दवाखान्यात घाईघाईत सख्खी बहीण होऊन बसले. कुणाला काय सांगितलंय हे विसरून आम्ही कितीदा तोंडघशी पडलो होतो आणि घरी येऊन पोट धरून हसलो होतो. आज मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

“खोटं सांगून रोज आत येत होतात?” सिस्टर म्हणाली. “मग पेशंटला यांच्याबरोबरच पाठवावं लागेल, बाई.”

“आमच्याकडे मागची खोली रिकामीच आहे,” वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाली. “पडून राहतील बिचाऱ्या.”

पडून राहतील! म्हणे बिचाऱ्या! जी बाई घाटात ट्रक मागे घ्यायची, ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहणार? रोज चालवलं, रोज बोलतं केलं तर ही सुधारेल, असं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं. आणि मी तिथे भेटायला कोण म्हणून जाणार? भाडेकरू म्हणून? एकदा चहा पाजतील, दुसऱ्यांदा दारातूनच वाटेला लावतील.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. “कसला गोंधळ चाललाय?”

“डॉक्टर, मी हिची बहीण नाही,” मी म्हणाले. “भाडेकरूही नाही. मी... आम्ही...”

खोटी नाती फाडफाड सांगणारी मी, खरं सांगायची वेळ आली तर माझं त त प प झालं. मास्तर माझ्याकडे टक लावून बघत होती. मग मात्र मी मनाचा हिय्या केला.

“आमचा संसार आहे. दोघींचा. त्यात नवरा कोण आणि बायको कोण, ते आम्ही कधी ठरवलं नाही. स्वैपाक मी करते, फ्यूज ती बदलते, आणि भांडतो दोघी. माझं माणूस आहे ते. मी तिला घरी नेणार.”



“लाज वाटत नाही? सगळ्यांसमोर?” भाऊ पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

“वाटते ना. आजवर गप्प बसले, त्याची वाटते.”

डॉक्टरबाईंनी हात वर करून दोघांनाही थांबवलं. “पेशंट शुद्धीवर आहेत. त्यांनाच विचारू.” त्या मास्तरजवळ वाकल्या. “तुम्हाला कुणाबरोबर जायचंय?”

माझा जीव टांगणीला लागला. आई गेल्यावर ह्या भावाला तिनेच वाढवलं होतं. त्याला ‘नाही’ म्हणणं तिला कधी जमलंच नाही. तिचे ओठ हलले, नुसता घशातून आवाज आला. मग तिने डाव्या हाताने कॉटशेजारी बसलेल्या भावाचा हात ओढला आणि गालाला लावला. गेली माझी मास्तर, असंच वाटलं.

थोड्या वेळाने तिने तो हात सावकाश त्याच्याच गुडघ्यावर ठेवला, वर थोपटला. आणि माझी बाही पकडली. पकडली ती सोडेचना.

“झालं तर मग,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

भाऊ उठून बाहेर गेला. मी खाली बसून मास्तरच्या पायात चप्पल घालू लागले, पण लुळा पाय आत जाईना. वहिनी वाकली आणि तिने टाच धरली.

“रोज चालवा हं त्यांना,” ती हळूच म्हणाली.

“येतेस का?” बाहेरून हाक आली. ती गेली.

चाकाची खुर्ची मी लिफ्टपर्यंत आणली. भाऊ व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी पाठमोरा उभा होता. मी खुर्ची उलटी आत घेतली, म्हणजे मास्तरचं तोंड त्याच्याकडे राहील. तिने डावा हात वर केला.

“थांबू का?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“थांबा जरा.”

तो वळला नाही. वहिनीने त्याच्या खांद्याला हात लावला, तरी वळला नाही. शेवटी दार बंद झालं. लिफ्ट खाली पोचली तरी मास्तरचा हात वरच होता. मी तो धरून खाली केला नाही. तिचा तिने खाली घेतला, तेव्हा मी खुर्ची ढकलली.