दफन न केलेली गाठ

पुण्यात पोटातली कॅन्सरची गाठ काढल्यावर खातूनने लेकाला पहिलं विचारलं, "माझी गाठ कुठं हाय?"

अंगाचा कापलेला तुकडाही दफन करायचा, हा घरचा रिवाज.

"अम्मा, डॉक्टरांनी टिकावी म्हणून मेणात ठेवलीय," फुरकान म्हणाला. "तिच्यातली जनुकं तपासणार. बिघाड कुठला ते कळलं, तर त्याच्यावरची गोळी देता येईल."

"माझं मांस मातीत न्हाई, मेणात?"

"तुला मातीत घालायची मला घाई न्हाई."

खातून हसली. टाके दुखले. "तपासा मग."

(इथं बरेच दिवस काहीच घडत नाही. भोरच्या घरी परतल्यावर फक्त रिपोर्टची वाट बघणं.)

रिपोर्ट आला. गोळी लागू पडेल अशीच गाठ होती.

"आता गाठ मागून आणू? दफन करू?" फुरकानने विचारलं.

"ऱ्हाऊ दे तिथंच. डॉक्टरला आनखी काही तपासायचं असलं तर?"