ओहोटीचा दिवा

कार्तिक लागला की गोदावरीच्या मुखाशी असलेल्या त्या कोळीवाडीत मासळीचा वास पातळ व्हायचा. होड्या जायच्या, जाळी भरून यायची, मासळी बर्फात बसून परगावी जायची. पण घरातल्या चुलीवर महिनाभर मासा चढत नसे. "कार्तिकात आपल्या वाडीतली मांजरंसुद्धा सोमवार धरतात गं," असं शेजारची मंगतायारू दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी बायका हसायच्या. यंदाही ती म्हणाली, बायका हसल्याही. फक्त रत्नमच्या दारापाशी आल्यावर सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या.

रत्नमचा नवरा पेंटय्या भाद्रपदात समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. होडीत तिघं होते. वादळ ओसरल्यावर चौथ्या दिवशी होडीची एक निळी फळी आणि डिझेलचा रिकामा कॅन तेवढा किनाऱ्याला लागला. बाकीच्या दोन घरांनी पंधरा दिवस वाट पाहिली, मग दर्भाचे पुतळे करून जाळले, दिवस घातले. रत्नमने काही करू दिलं नाही. "पलीकडच्या गावचा सोमुलू नाही का आला तीन महिन्यांनी, बांगलादेशच्या तुरुंगातून सुटून?" ती विचारायची. त्यावर कोण काय बोलणार? सोमुलू खरंच आला होता. अजूनही बाजारात विड्या ओढत बसलेला दिसायचा.

घरात आता तिघीच. रत्नम, चार वर्षांची बुज्जी आणि अप्पायम्मा. अप्पायम्मा रत्नमची सासू खरी, पण त्याआधी बापाची सख्खी बहीण. आत्याच्या घरात दिलेली पोर. लग्नानंतरही तिच्या तोंडातून आत्याच यायचं.

आणि आत्या रडली नव्हती. फळी मिळाली त्या दिवशी नाही, शेजारच्या घरांत पुतळे जळले तेव्हाही नाही. "काळीज वाळलंय म्हातारीचं," असं बायका पाठीमागे म्हणत. रत्नमला मात्र त्याचा केवढा आधार होता! आई आहे ती. तिलाच आतून कळणार. ती रडत नाही म्हणजे तो येणार.

कार्तिकाच्या पाडव्याला, संध्याकाळी वाती वळता वळता, आत्याने एकदाच विचारलं होतं, "रत्नम, देवळातल्या आकाशदिव्याला तेल द्यायचं का गं?"

रत्नमचा हात थांबला. महिनाभर रोज सांजेला शिवाच्या देवळात ध्वजस्तंभावर पितळी दिवा चढतो, तो गेलेल्यांना वरची वाट दिसावी म्हणून. तेल देणाऱ्याला देवळातला पुजारी पंतुलू नाव विचारतो. जिवंत माणसाचं नाव तिथे कुणी घेत नाही.

"कुणाच्या नावानं?" तिने विचारलं.

आत्याने पुढची वात वळायला घेतली.

"त्या खांबाखाली त्याचं नाव घेतलंस ना आत्या, तर मी बुज्जीला घेऊन माहेरी निघून जाईन."

"जा की," आत्या वातीवरून नजर न काढता म्हणाली. "माहेर तुझं म्हणजे माझंच. माझ्या भावाला सांग, बहीण अजून आहे म्हणावं. दोन वर्षं झाली, फिरकला नाही मेला."

रत्नमला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. विषय तिथेच मिटला, असं तिला वाटलं.

पहाटे वाडीतल्या सगळ्या बायका नदीवर अंघोळीला जात आणि केळीच्या सोपटावर तुपाची वात लावून दिवा पाण्यात सोडत. रत्नमही जायची. पण तिची एक तऱ्हा होती. ती आधी पाण्यात पाय घालून उभी राहायची आणि पोटऱ्यांना विचारायची, भरती की ओहोटी. ओहोटी असली तर तिचा दिवा पायरीवरच तेवून विझायचा. भरती असली तरच ती तो सोडायची, तोही वाडीच्या खालच्या अंगाला, थेट समुद्राच्या तोंडाशी जाऊन. मग काठाकाठाने दिव्याबरोबर चालत यायची. भरतीचं पाणी त्याला आत ढकलत ढकलत घाटाशी आणून सोडायचं. तिथे ती वाकून त्याला दोन्ही हातांनी उचलून घ्यायची. घे म्हणून समुद्राला आता तिच्याकडून काही मिळणार नव्हतं. आण म्हणून मात्र रोज सांगणं होतं.

"बाई गं, दिवा सोडतेस की गुरं वळतेस?" मंगतायारूने एकदा टोकलंच. "सोडलेला दिवा परत घरात नेऊ नये. अवदसा येते."

"तुझ्या घरात रोज दोन पायांनी येते, तिचं बघ आधी," रत्नम फणकारली. मंगतायारूचा नवरा ताडी पिऊन यायचा हे वाडीला ठाऊक होतं. मंगतायारूला राग यायला हवा होता. तिने नुसतं रत्नमच्या पाठीवरून ओला हात फिरवला, आणि ते जास्त लागलं.

घरी आणलेली सोपटं रत्नम चुलीमागे मांडून ठेवायची. हिरवी तपकिरी झाली, तपकिरी काळी पडली, कडा आत वळून त्यांच्या लहान लहान होड्या झाल्या. आत्या चूल सारवायची तेव्हा एकेक उचलून बाजूला ठेवायची आणि पुन्हा जागच्या जागी लावायची. एकही टाकलं नाही तिने. रत्नमला वाटायचं, बघा, तीसुद्धा मोजतेय.

दुपारी बुज्जीला मांडीवर घेऊन आत्या पोलीची गोष्ट सांगायची. धाकटी सून पोली. सासू आणि जावा तिला घरी राबायला ठेवून नदीवर दिवे सोडायला जायच्या. पोरीने काय करावं? परसातला कापूस वेचला, रवीला लागलेलं लोणी खरवडलं आणि पाटीखाली लपवून दिवा लावला. महिना सरला आणि तिला न्यायला वरून विमान आलं.

"मग सासू?" बुज्जी दर वेळी विचारायची.

"सासूने धरला तिचा पाय! मला पण ने म्हणाली. सासूच्या पायाला मोठी जाऊ, तिच्या पायाला मधली. गवारीच्या शेंगांसारख्या लोंबकळल्या सगळ्या."

"मग?"

"मग धपाधप पडल्या चिखलात. तुझ्या आईला विमान आलं ना, की मीपण असाच पाय धरणार बघ. मी काही सोडायची नाही."

बुज्जी खिदळायची. आत्याही हसायची, दात नसलेल्या तोंडाने, डोळे मिटून.

आणि रोज सांजेला आत्या पदराखाली काहीतरी घेऊन देवळात जायची, चांदण्या उगवल्यावर परत यायची, मगच दिवसाचा एकुलता घास तोंडात घालायची. "नुसती दर्शनाला जाऊन येते," म्हणायची.

महिना सरत आला. रत्नम रोज एकदा नवऱ्याच्या फोनला फोन लावायची. आतली बाई त्याच गोड आवाजात तेच सांगायची. बुज्जीने हल्ली "नाना कधी येणार?" असं बापाबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं, आणि ते कधी सुटलं हे रत्नमला आठवत नव्हतं.

अमावास्येला आत्याने दिवसभर पाणीही घेतलं नाही. सांजेला उंबरा ओलांडताना तिचा तोल गेला, दाराला धरून ती क्षणभर थांबली आणि तशीच निघाली. रत्नमने भातावर झाकण ठेवलं, बुज्जीला कडेवर घेतलं, तांब्याभर ताक घेतलं आणि मागोमाग गेली. म्हातारी वाटेत कुठे पडली तर?

देवळाच्या आवारात पाच-पंचवीस माणसं होती. शेवटचा आकाशदिवा होता तो. पंतुलूने पितळी दिव्यात शेजारच्या दोन घरांचं तेल ओतून घेतलं, नावं घेतली. मग त्याची नजर खांबाशी उभ्या असलेल्या आत्याकडे गेली. रत्नम नंदीच्या मागे होती.

"अप्पायम्मा, आजही तसंच?" पंतुलूने विचारलं.

"तसंच."

"अगं, महिनाभर बाटली आणतेस आणि भरलेली परत नेतेस. मी काही विचारलं नाही. पण उद्या दोर उतरणार."

"माहीत आहे मला."

"मग घाल की दोन थेंब. सुनेला कुठे कळतंय?"

आत्याने पदराखालची बाटली छातीशी धरली. "तिच्या नकळत माझा पोरगा मेला, असं कसं होईल पंतुलू? कुंकू तिच्या कपाळी आहे. ती म्हणेल तेव्हा तो गेला. तोवर मी बघते नुसती, दुसऱ्यांचा दिवा चढताना. त्यांच्या उजेडात त्याला दिसली वाट तर दिसली."

"आणि तू? किती दिवस अशी कोरडी राहणार?"

"मी रडले की तिचं सगळं संपलं. रात्री उठून उठून माझं तोंड बघते ती."

रत्नमच्या हातातला तांब्या कलंडला. ताक बुज्जीच्या पायावरून फरशीवर ओघळत गेलं. इतके दिवस आत्याच्या कोरड्या डोळ्यांवर टेकून ती उभी होती. आणि म्हातारीने ते डोळे कोरडे ठेवले होते ते हिच्यासाठी. लेकरू गेलेलं, आणि रडायला सुनेची परवानगी मागत होती. मागतही नव्हती. थांबली होती.

बुज्जीला खाली उतरवून रत्नम पुढे झाली. आत्याने तिला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी बाटली मागे नेली.

"मी दिलं नाही गं. विचार यांना, एक थेंब दिला नाही."

"दे इकडे," रत्नम म्हणाली.

बाटलीच्या तोंडात चौकड्याच्या जुन्या लुंगीची चिंधी कोंबलेली होती. ती लुंगी रत्नमने ओळखली. चिंधी काढताना तिची बोटं तेलकट झाली. तेल तिने सगळं ओतलं, थेंब न थेंब. पंतुलूने खाली बघतच विचारलं, "नाव?"

रत्नमने तोंड उघडलं. "पें—"

"ते नको," आत्याने तिचा दंड धरला. "ते नको गं."

सगळे बघायला लागले. आत्याचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा.

"त्याच्या आधीचे दोन गेले माझे. पहिल्याचं नाव इतकं सुंदर होतं, मी दिवसभर हाका मारायचे. यमाने ऐकलं. म्हणून हा झाला तेव्हा उकिरड्यावर टाकला आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतला. केराचा पोर म्हणून नाव पेंटय्या. मरणाने ढुंकून बघू नये म्हणून. खरं नाव बाराव्या दिवशी त्याच्या कानात सांगितलं, एकदाच. नवऱ्यालाही कळू दिलं नाही. आता लपवून काय करू? आता वरच्यांना तो ओळखू यायला हवा."

तिने रत्नमचा कान ओढून जवळ घेतला आणि सांगितलं. सात वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं नाव रत्नमने पहिल्यांदा ऐकलं. केवढं मोठं नाव होतं! एखाद्या राजाला शोभेलसं. विझलेली विडी कानामागे खोचून, फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्या माणसाला हे नाव आहे हे त्याला तरी कधी कळलं असेल का?

"रामलिंगेश्वर," ती मोठ्याने म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने आजवर घेतलं नव्हतं.

दोर करकरला. दिवा खांबावर चढायला लागला, डुलत, पितळेच्या भोकांतून उजेडाचे ठिपके सगळ्यांच्या अंगावर पाडत. तो वर टेकला तेव्हा आत्याच्या तोंडून आवाज आला. रत्नमने असा आवाज गाय अडली असताना ऐकला होता, माणसाचा नाही. म्हातारी खांबाला मिठी मारून खाली बसली. रत्नम तिच्याशेजारी बसली. बुज्जी दोघींच्या मधे शिरली आणि कोण का रडतंय हे न कळून, सोबत म्हणून रडली.

दुसरा दिवस पोलीचा. पहाटे सगळी वाडी घाटावर होती. तीस तीस वातींचे दिवे पाण्यावर सुटले आणि अमावास्येची ताजी भरती त्यांना घेऊन आत, वर, खाजणाच्या झाडांकडे निघून गेली. "पोली गेली गं, पोली गेली," करत बायका हळदीकुंकू लावून घरी परतल्या. मंगतायारू जाता जाता थांबली, काही म्हणणार होती, मग बुज्जीच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली.

तिघी पायरीवर बसून राहिल्या. ऊन वर आलं. आत्याने कनवटीचा साबणाचा तुकडा काढला. "हात दे. बांगड्या दगडावर फोडायला बायका येतील दहाव्याला. मी हात लावू देणार नाही कुणाला. मीच चढवल्या होत्या ना?" रत्नमच्या मनगटाला तिने फेस केला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून, हाड न दुखवता, उतरवल्या. सगळ्या अख्ख्या निघाल्या.

मग रत्नमने पाण्यात पाय घातला. पाणी थांबलं होतं. बराच वेळ नुसतंच थांबलेलं. मग पोटऱ्यांना हलकेच ओढ लागली, खालच्या अंगाला, समुद्राकडे.

चुलीमागची सगळी सोपटं तिने टोपलीत घालून आणली होती. ती आधी सोडली, एकामागे एक. शेवटी ताजं सोपट, त्यावर वात. काडी ओढली. भर उन्हात ज्योत दिसेना.

"पेटलाय का?" बुज्जीने विचारलं.

"वर हात धर."

बुज्जीने तळवा धरला. "गरम आहे."

"सोड आता."

पोरीने ढकललं. पाण्याने घेतलं. काळ्या सोपटांच्या मागोमाग दिवा निघाला, आधी हळू, मग चांगला वेगाने. रत्नम सवयीने दोन पावलं काठाने चालली. मागून आत्याने तिच्या साडीचं टोक धरलं होतं. ती थांबली.

उन्हात दिवा लगेच दिसेनासा झाला. बुज्जी मात्र तळवा तसाच पुढे धरून उभी होती. "अजून गरम आहे," ती म्हणाली.