यंत्रासाठी, गुडघ्यासाठी

यंत्र माणसाशी कधी खोटं बोलत नाही, असं प्रफुल बारसागडे सरांचं ठाम मत होतं. आरमोरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, त्यामुळे हे मत खोडायला कोणी जात नसे. सरांच्या घरातला मिक्सर, पाण्याची मोटार आणि स्कूटर यांनी मात्र सरांशी बोलणंच टाकलं होतं.

यंदा जानेवारीत शिलाई मशीनही त्यांना जाऊन मिळाली.

मशीन सरांच्या आईची, बायनाबाईंची. काळी, पायाने चालवायची, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. कंपनीचं नावही सोन्यातच होतं, पण पुसून पुसून त्याची दोन-चार अक्षरंच उरली होती. सरांचे वडील रामाजी कुरखेड्याच्या बाजारात याच मशीनवर सदरे शिवत. ते गेल्यावर मशीनला वर्षातून एकच काम उरलं. विहाराच्या वर्धापनदिनाचा पंचशील झेंडा बायनाबाई तिच्यावर शिवायच्या. विहार टिनाच्या छपराखाली होतं तेव्हापासून झेंडा त्यांचाच.

महिला मंडळाची अध्यक्ष रीता एका सकाळी चहाला आली आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "बाई, औंदा झेंडा नागपूरवरून तयार आणू म्हणते. साटीनचा. मस्त चमकते."

"काऊन? माहा कोणता फिक्का पडला?"

"फिक्का नाई म्हणत मी. पण मशीन जाम झाली म्हणते हर्षा."

सरांची बायको हर्षा एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली.

"शनिवारपावेतो पाहा," रीता म्हणाली. "नाई तं इतवारी सकाळी पोरगा बसनं घेऊन येते नागपूरवरून."

रीता गेल्यावर बायनाबाईंनी पेटीतून पाच रंगांचं कापड काढलं, मशीनवर ठेवलं आणि दिवसभर कोणाला उचलू दिलं नाही. झेंडा हातचा गेला की विहारात आपली जागा सतरंजीच्या कडेला, गुडघे धरून बसणाऱ्या बायांत, हे त्यांना कळत होतं. सरांनाही कळलं. म्हणूनच त्यांनी बाह्या सरसावल्या.

"वडशाचा मिस्त्री येते म्हणते उद्या," हर्षा म्हणाली.

"मिस्त्री काय करतो? अंदाज. आपण कारण शोधायचं."

"शोधा सर. मिक्सरचं सापडलं तं तेही सांगा." हर्षा नवऱ्याला सर म्हणायची तेव्हा आदर सोडून बाकी सगळं त्यात असायचं.

सरांनी शेजारच्या विनोदला हाक मारली आणि दोघांनी मिळून मशीन अंगणात उन्हात आणली. मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस तमिळमध्ये बोलत होता, पण यंत्राची भाषा जगभर एकच असते, असं सर म्हणाले. आणि खरं सांगायचं तर काम त्यांनी चांगलं केलं. शटलखाली धाग्यांच्या तुसांचा गोळा होता, वाळलेल्या तेलाचा थर होता, तुटक्या सुईचं टोक होतं. सगळं पेट्रोलने धुतलं, ब्रशने घासलं, पुसून परत जागेवर बसवलं. इथपर्यंत मशीन दुरुस्त होती.

मग तेलाची वेळ आली.

घरात तेलाच्या दोन पांढऱ्या कुप्प्या होत्या, दोन्ही लांब नळीच्या, दोन्ही सारख्या. एकीत मशीनचं तेल. तशीच दुसरी कुप्पी रिकामी झाली तेव्हा बायनाबाईंनी तिच्यात टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल भरून ठेवलं होतं. नळीने गुडघ्यावर नेमकी धार पडते, म्हणून. असा गोंधळ शास्त्रात बसत नाही. सरांनी दोन चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून कुप्प्यांना चिकटवल्या. एकीवर 'यंत्रासाठी', दुसरीवर 'गुडघ्यासाठी'. सरांना सर्दी होती.

यंत्रासाठीच्या कुप्पीतून तेल उतरेना. थंडीत तेल घट्ट होतं एवढं भौतिकशास्त्र सरांना येत होतं. त्यांनी कुप्पी उन्हात ठेवली, चहा घेतला, आणि पातळ झालेलं तेल मशीनच्या भोकाभोकांत सढळ हाताने सोडलं. मशीन पाण्यासारखी चालली.

"पाहा," सर म्हणाले.

"पाह्यलं," हर्षा म्हणाली. "आता आत न्या. वानरं येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक जागचं हललं नाही.

सर विचारात पडले. पण विचारात पडणं हा त्यांचा व्यवसाय होता. दुपारी विनोदला बोलावून मशीन पुन्हा उन्हात काढली, दोन-चार स्क्रू सैल केले, परत कसले, वरून तेल दिलं. चालली. आत नेली. सकाळी बंद.

तिसऱ्या दिवशी विनोद म्हणाला, "सर, हिले आतच नाई करमत. खाट टाकून द्या अंगणात."

"लोखंड आकुंचन पावतं विनोद. जुन्या ओतीव लोखंडाला स्वतःची सवय असते."

"माह्या सासऱ्यालेही हाय तशी. उन्हाबिगर उठतच नाई."

रोज एक नवा सिद्धांत निघाला. आधी लोखंडाची सवय, मग भिंतीची ओल, मग चामड्याचा पट्टा. प्रत्येक सिद्धांतानंतर सर तेल देत होते. बायनाबाई ओट्यावर बसून, गुडघ्यांना कुप्पीतलं तेल चोळत, हे सगळं पाहत होत्या. कापड मांडीवर असायचं. कापून झालं होतं, फक्त टाका बाकी होता.

शुक्रवारी त्यांनी विचारलं, "होते का रे?"

"होते माय."

"तुह्या बापाच्या हातात कवाच नाई अडली."

सरांनी पुन्हा तेलाची कुप्पी उचलली.

शनिवारी सकाळी चाक पुन्हा दगड. रीताचा फोन येऊन गेला, हर्षाने तो न्हाणीघरातून घेतला. बायनाबाई उठल्या, मशीनजवळ गेल्या, वाकून तिच्या मानेचा वास घेतला. मग बोटाने एका भोकातून पिवळसर लोणी काढलं.

"प्रफुल, हे टोळीचं तेल होय."

सरांनी नाक लावलं. सर्दी आता बरी झाली होती. कपाटातून यंत्रासाठीची कुप्पी काढून त्यांनी तिची चिठ्ठी नखाने खरवडली. ती पूर्ण निघाली नाही, 'साठी' तेवढं राहिलं.

"खोलतो," शेवटी ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सगळं धुऊन—"

"तू हात नको लावू आता," बायनाबाई म्हणाल्या. "विनोदले बोलाव. अंगणात ठेवा."

ऊन वर येईपर्यंत त्या मशीनशेजारी बसून राहिल्या. मग चाकाला हात घातला. फिरलं. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे उभे पट्टे जोडले गेले. मग सहावा, पाचही रंगांच्या तुकड्यांचा, ज्यात खरी परीक्षा असते. ऊन सरकलं तशी विनोद आणि सरांनी मशीन सरकवली. मध्येच मशीन कवेलूच्या छपराच्या सावलीत अडकली तर बायनाबाई ओरडायच्या, "उचला बा!" आणि भौतिकशास्त्र एका बाजूने मशीन उचलायचं. विटांच्या भिंतीवरून ऊन उतरायच्या आत झेंडा पुरा झाला. पांढऱ्या पट्ट्यावर तेलाचा एक थेंब पडला होता. तो खालून दिसणार नव्हता.

रीताने नागपूरला फोन करून साटीनचा झेंडा रद्द केला.

रविवारी विहारासमोर झेंडा चढला. वंदना झाली. सरांना दोन शब्द बोलायला लावलं, ते यंत्र आणि माणूस यांच्या नात्यावर बरेच शब्द बोलले. वारा सुटला, झेंडा उघडला, आणि वर्गणीदारांच्या पहिल्या रांगेपर्यंत एक ओळखीचा वास आला.

रीता वास घेत बायनाबाईंजवळ सरकली. बायनाबाई पहिल्या रांगेत, मधोमध बसल्या होत्या.

"बाई, टोळीचं लयच चोळलं वाट्टे आज. गुडघे जास्त दुखून राह्यले काय?"

"नाई बा," बायनाबाई म्हणाल्या. "औंदा बिलकुलच नाई."

हे खरं होतं. त्या गुडघ्यांना आठवडाभर मशीनचं तेल लागत होतं.