नाव मिळणार न्हाई

शिवकन्या मूळची पिंपळगाव रेणुकाईची, धनगराची लेक. नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या गोदामात पॅकिंगची सगळी लाईन तिच्या हाताखाली होती. रानात मेंढरांना हाका मारून तिचा आवाज चांगलाच कमावलेला. पण कामावरच्या बायांवर तिनं तो कधी चढवला नव्हता.

त्या दुपारी ट्रक भरून निघायच्या बेतात होता. जाता जाता तिची नजर एका पिशवीवर गेली आणि ती जागीच थबकली. पिशवीवरच्या शिक्क्याप्रमाणे आत उशिरा काढणीला येणारं सोयाबीन, वर लेबल मात्र लवकर येणाऱ्याचं. तिनं शेजारची पिशवी फिरवली. तीही तशीच.

"मच्छिंद्र, गाडी बंद कर," ती ड्रायव्हरवर ओरडली. "सगळा माल खाली घ्या."

गडबड ऐकून मालक ओमप्रकाश शेठ तरातरा बाहेर आले. "कोणी केलं हे? नाव सांग. आत्ताच्या आत्ता घरी घालवतो."

लेबलं चिकटवणाऱ्या बेबीनंदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिवकन्याला जे कळायचं ते कळलं.

"नाव मिळणार न्हाई, शेठ."

"काय म्हणालीस?"

"न्हाई म्हणाले." ती बायांकडे वळली. "कोणाला घरी जायचं न्हाई. मला एवढंच सांगा, हे लेबल कधीपासून लागून राह्यलं?"

मग बेबीनंदाच पुढं झाली. "ताई, कालपासून. नवा गठ्ठा फोडला ना मी. दोन्हीचा रंग हिरवाच. मला वाटलं, तेच हायेत."

कालपासून! म्हणजे काल भोकरदनला गेलेल्या गाडीतही हाच घोळ होता. ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हीच का ती?" शेठ कडाडले. शिवकन्या त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"हिनं सांगितलं म्हणून कालची गाडी कळली, शेठ. हिला काढलं तर पुढच्या बारीला तोंड कोण उघडंल? मंग शेतकऱ्याच्या वावरात पीक उभं राह्यल्यावरच कळंल. दोन्ही गठ्ठे एका फळीवर मीच ठेवू दिल्ते. लाईन माझी, चूक माझी."

"मग तूच चालती हो!"

"उद्या जाईन. आज भोकरदनच्या दुकानदाराला फोन लावा जल्दी, त्यानं पिशव्या विकायच्या आत."

शेठनी खिशातून फोन काढला. दुकानदारानं अजून एकही पिशवी विकली नव्हती. सगळा माल परत मागवला. शिवकन्यानं बायांबरोबर बसून जुनी लेबलं काढली, नवी लावली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती काम सोडून जायची मनाची तयारी करूनच. मच्छिंद्रनं तिच्यादेखतच शेठला विचारलं, "आज माल कोणाकडून भरून घेऊ?"

"कालच्याच बाईकडून," शेठ मान वर न करता गुरकावले.

शिवकन्यानं आधी लेबलांचे दोन्ही गठ्ठे दोन टोकांना नेऊन ठेवले. बेबीनंदा दूर कोपऱ्यात पोती शिवायला बसली होती.

"तिथं काय करती?" शिवकन्या म्हणाली. "चल, आपल्या जागेवर. लेबलं तूच लावायची."