तानूबाईंना फोन नको होता

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. टेलिफोनच्या तारेतून घरात इंटरनेट आणणारा काळा डबा. फायबर आलं आणि आमची सद्दी संपली, हे मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायला नको. माझं रडगाणं जुनं झाल्याचं नाहीच मुळी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो बेंगळुरातल्या व्हाइटफील्डमधला संयोगिताताईंचा फ्लॅट. काय थाट होता माझा! नवरा-बायको दोघंही घरून काम करायची, आणि माझा हिरवा दिवा जरा लुकलुकला की हातातलं टाकून धावत यायची. दसऱ्याच्या आयुधपूजेला मला हळदीकुंकू लागायचं, डोक्यावर झेंडूचं फूल. शेजारी टेलिफोनही होता. त्याला कुणी हात लावत नसे, पण तो घरात असल्याशिवाय टेलिफोन कंपनी इंटरनेट द्यायची नाही. बिचारा धूळ खात बसलेला, आणि मी त्याला हसायचो. मग फायबर आलं आणि दोघांचीही रवानगी खोक्यात झाली.

संयोगिताताईंचं माहेर राजाजीनगरात. तिथे त्या तानूबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकत. तानूबाईंचं मराठी घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. शेजारच्या शिवलीलाबाई कानडी, मराठी त्यांना स्वल्प येते, पण तानूबाईंच्या रोजच्या खुणा बरोबर कळतात. त्यांनीच संयोगिताताईंना विचारलं की जुना मोडेम आहे का, आणि मी शिलाई मशीनशेजारच्या फळीवर आलो.

मी कशाला हवा होतो, ते ऐका. तानूबाईंची थोरली बहीण सकवारबाई, म्हणजे अक्का, निपाणीला दिलेली. अक्काही बहिरीच. लहानपणी दोघींना कुणी शाळेत घातलं नाही, तेव्हा त्यांनी हातांची आपली भाषा घरातच तयार केली. अंगठ्याने तळहात चोळला की निपाणी, कारण तिथला तंबाखू. नाकाशी चिमूट धरली की आई. ही भाषा अख्ख्या जगात दोघींनाच येते. आणि अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. नजर रोज थोडी थोडी जात होती, गेलेली परत येणार नव्हती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नजर गेली की तानूबाईंचे हात तिला दिसणार नव्हते. त्याआधी बोलून घ्यायचं होतं. निपाणीला जावं, तर घरात सासू अंथरुणाला खिळलेली.

मोबाइल होता हो. पण तानूबाईंची खोली मागच्या अंगाला, तिथे रेंज नाही. चित्र अडकायचं, अक्काचे हात अर्ध्या शब्दावर थांबायचे. गल्लीत उभं राहून बोलावं, तर दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले, फोन धरणार कोण? फायबर त्या गल्लीत आलेलं नव्हतं. भिंतीत जुनी टेलिफोनची तार मात्र होती. मला तेवढी पुरे होती.

शिवलीलाबाईंनी कंपनीकडे तानूबाईंच्या नावाने नुसतं इंटरनेट मागितलं. कंपनी म्हणाली, आधी फोन घ्या. बरं, फोन तर फोन. रोशन नावाचा लाइनमन येऊन तार जोडून गेला, फोन ठेवून गेला. आता त्या फोनवर कंपनीचा कॉल येणार, बाईंनी स्वतः उचलून नाव सांगायचं, मग माझी तार सुरू होणार. ऐकलंत ना? स्वतः उचलून!

तानूबाई फोनवर तळहात ठेवून बसल्या होत्या. घंटेची थरथर लागताच त्यांनी शिवलीलाबाईंना खूण केली. शिवलीलाबाई पडल्या सरळ बाई, खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी खरं ते सांगितलं, की बाईंना ऐकू येत नाही, मी शेजारीण बोलते. झालं! ऑर्डर रद्द. रोशन फोन काढून न्यायला आला तेव्हा हळहळला. नुसतं हो म्हणायचं होतं अक्का, असं शिवलीलाबाईंना म्हणाला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते काही खोटं नाही. दोघी कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथला साहेब वाईट नव्हता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. पण फोनशिवाय इंटरनेट द्यायची सोय कॉम्प्युटरमध्येच नाही, म्हणाला.

"त्यांना ऐकू येत नाही. फोन घेऊन काय करतील त्या?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

"वापरू नका ना," साहेब म्हणाला. "नुसता घरात असू द्या."

पुन्हा अर्ज झाला, पुन्हा कॉल आला, पुन्हा रद्द झाला. मी फळीवर बसून होतो. माझा एकच दिवा पेटायचा, वीज असल्याचा. तानूबाई शिवता शिवता मान वर करून दुसऱ्या दिव्याकडे बघायच्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

शेवटी घरमालक मंजुनाथअण्णांना पाझर फुटला, त्यांनी आपल्या नावाने अर्ज करू दिला. भाडेकरूचं काही आपल्या नावावर नको म्हणून इतके महिने अडून बसलेले अण्णा एक दिवस खाली आले, फोन उचलला, नाव सांगितलं, सरी, म्हणजे बरं, म्हणाले आणि ठेवून दिला. एवढंच काम होतं! त्याच दुपारी माझे सगळे दिवे लागले.

पण ते वरातीमागून घोडं, मित्रांनो. गौरी-गणपतीच्या सुमारास अक्काची नजर पुरती गेली होती.

चित्र कसं आलं म्हणून सांगू! स्वच्छ, एकदाही अडकलं नाही. अक्का खुर्चीत बसलेली, सुनेने समोर फोन धरलेला. तानूबाईंनी घाईघाईने हात हलवले. अक्काचं तोंड दाराकडे होतं. सुनेने तिचा हात थोपटला, बहीण आली म्हणून. मग अक्काचे हात सुरू झाले. आईचं बोलली, निपाणीचं बोलली, तानूबाईंना सगळं दिसत होतं. सुनेला ती भाषा येत नाही. तानूबाईंचा एक शब्दही अक्कापर्यंत कुणी नेऊ शकत नाही. मीही नाही. पार हात टेकले मी.

मला जपा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. उद्या खुशाल भंगारात टाका. पण तुमच्यातलं कुणी पुढे अशा टेबलामागे बसेल. समोरच्या माणसाला काय हवं आणि काय नको, ते नीट ऐकून घ्या, आणि त्याला घाई असेल तर तुम्हीही घाई करा.

आज अक्काने विचारलं, काय शिवलंस? तानूबाईंनी सगळं सांगितलं, कापड कसलं, गळा कसा, बाह्या किती. मी ते निपाणीपर्यंत जसंच्या तसं पोचवलं. अक्का हात मांडीवर ठेवून थोडा वेळ थांबली. मग तिने पुन्हा विचारलं, काय शिवलंस?