सवच्या कुंडातली इंजेक्शनं

बाबांनी आईची चार इंजेक्शनं सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून ठेवली. चुकून पडली नाहीत. पिशवीत घालून, गाठ मारून, चांगला अर्धा तास.

मी महाडला लॅबमध्ये नोकरी करते, आई-बाबा वर डोंगरात कुडपणला शेती करतात. संधिवातानं आईची बोटं वाकडी झालीत, भाकरी थापता येत नाही. मुंबईच्या एका ट्रस्टकडून हे औषध मिळायला मी आठ महिने अर्ज करत होते. सोमवारी दोघं ते बर्फाच्या डब्यातून घेऊन वीर स्टेशनला उतरली. रिक्षा थेट माझ्या फ्रिजकडे यायची, ती बाबांनी सवला वळवली.

"नर्सबाई म्हनली, गारेगार टोचू नका, आधी अर्धा तास भायेर काढा," बाबा म्हणाले. "म्हटलं, ऊन पान्यातच ठेवू. सांध्यांना गार वाईट. तुझी आय पन शेकली, औषध पन शेकलं."

माझं डोकंच फिरलं. "टोचायच्या आधी काढायचं, बाबा! तेही एकच! चारही नासली!"

"वरडतेस कशाला? पुन्ना आणू."

पुन्हा! जसं काय बाजारातून कांदे आणायचेत. पुन्हा आठ महिने, तोवर उरलेली बोटंही जातील.

हे औषध काय करतं ते मी आईला समजावलं होतं. अंगात पहारेकरी पेशी असतात. समोर शत्रू दिसला तरी त्या एकट्या तुटून पडत नाहीत. शेजारच्या पेशीनं "हो, मार" म्हणावं लागतं. आईच्या सांध्यांत हा होकार उगाचच मिळतोय, औषध तो अडवतं. होकार नाही मिळाला की पेशी बधिर होते, मग पुन्हा काही दिसलं तरी हलत नाही.

"म्हंजे रुसते?" आईनं विचारलं होतं. मी हसले होते.

आता मी तिच्यावरच घसरले. "तुला माहीत होतं ना, थंडच ठेवायचं? मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

"बोलले गो," आई म्हणाली. "नको म्हटलं. हे म्हनले, तुला काय कळतंय. रिक्षावाल्या मुरादभाईंकडं बघितलं, तर ते खाली बघत ऱ्हायले. मग तुला फोन केला."

केला होता. अकरा चाळीसला. लॅबमध्ये रांग होती, आणि 'आई' नाव बघून मीच कट केला होता. भाजी काय करू विचारत असेल, म्हटलं.

बाबांवर ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. त्या बोटांनी नंबर लावायला तिला किती वेळ लागला असेल! स्वतःचीच अशी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

मी तिच्यापाशी खाली बसले. "आई, आत्ताच ट्रस्टला फोन लावते. काय झालं ते तूच सांग. मी आहे बाजूला."

मी हात धरायला गेले, तर तिनं तो पदराखाली घेतला.

"नको गो," ती म्हणाली. "तुमीच काय ते बोला."