दोनशे चौदा तक्रारी

"हाई काय शे रे, भिकन?"

प्रिंटरमधून लोंबत जमिनीपर्यंत आलेला कागद पुष्पाबाईंनी दोन बोटांनी उचलून धरला.

"काही नही, अक्का. लिंटन्या तक्रारी शेत त्या. आते बंद करी टाकस," भिकन मान वर न करता म्हणाला.

बंद करून टाकतो म्हटल्यावर पुष्पाबाई हलतात कशाला! त्यांनी स्टूल ओढलं आणि तिथंच बैठक मारली. शेव बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय न फेकणारी ही बाई. तिच्या हातात चार हात लांब तक्रारींचा कागद आला होता.

धुळ्यात आग्रा रोडवर कांतीलालशेठच्या कापडदुकानाच्या माडीवर हे त्यांचंच कॉम्प्युटर केंद्र होतं. साल एक्क्याण्णव. खानदेशातल्या शाळांची गुणशोध परीक्षा घेणाऱ्या मंडळानं यंदाचा निकाल प्रथमच या मशीनवर टाकला होता. पडताळणीसाठी मंडळानं पुष्पाबाईंनाही त्यांच्या टेबलासकट इथं पाठवलं होतं. एकवीस वर्षं त्या निकालाची पडताळणी करत आल्या होत्या. लाल पेन्सिल, फूटपट्टी आणि खिडकीजवळचं एक टेबल, एवढा त्यांचा संसार. त्यांच्या सहीशिवाय निकालाचं पान बाहेर गेलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी शेठनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "पुष्पाबाई, मंडळाचा निरोप आहे. यंदा मशीनचा निकाल बिनचूक निघाला, तर पुढच्या वर्षापासून हाताची पडताळणी बंद. टेबल काढायचं."

पुष्पाबाईंना वाईट वाटलं. राग मात्र आला नाही. आपल्या खुर्चीवर येऊन बसणारा हा प्राणी आहे तरी कसा, हे त्यांना बघायचं होतं.

"लिंट म्हंजे कोन?"

निकालाचा प्रोग्राम लिहिणारा भिकन शिंदखेड्याजवळच्या खेड्यातला. शिक्षणानं साहेब झाला होता, पण अक्कांशी बोलताना त्याची भाषा आपसूक घरची होई. त्यानं खुर्ची वळवली.

"तो बी एक प्रोग्रामच शे. मना प्रोग्राम तो चालाडत नही, नुसता वाचस. आनि जठे शंका येस तठे कुरकुर करस."

"म्हंजे मनंच काम करस."

"हा. पण भलताच शंकेखोर. दोनशे चौदा शंका काढ्यात त्यानी. बठ्ठ्या ऐकत बसनू तं निकाल दिवाळीले लागी."

पुष्पाबाईंनी लाल पेन्सिल कागदावर टेकवली. एकच ओळ कागदावर चारदा आली होती. "हाई काय म्हणस?"

"परतेक आकडाले एक डबा ऱ्हास, अक्का. कोनता डबा कोनता आकडाना, ते आधीच सांगनं पडस. मी मोठा डबाना आकडा धाकला डबामा टाकी ऱ्हायनू, म्हणीसन तो म्हणस, काही सांडी जाई."

"धाकलामा कितला मावस?"

"बत्तीस हजार सातशे सदुसष्ट."

"आनि त्यानापेक्षा एक जास्त व्हयना तं?"

"तं आकडा उलटा व्हई जास. उणे बनी जास. पण आपला बैठक क्रमांक तठलोंग जातच नही. गया साली आखरी नंबर एकतीस हजारना व्हता."

"यंदाना तेहतीस हजार चारशे बारा शे," पुष्पाबाई सहज म्हणाल्या. "शिंदखेडानं नवं केंद्र शेवटे जोडेल शे ना."

भिकननं कागदाच्या कोपऱ्यावर वजाबाकी केली. सहाशे पंचेचाळीस. तेवढ्या मुलांचे क्रमांक उलटे होऊन निकालातून गायब झाले असते. सगळी त्याच्याच तालुक्याची पोरं. त्यानं केलेली चाचणी जळगावच्या पहिल्या पाचशे मुलांवर झाली होती, आणि ती अगदी झकास झाली होती.

त्यानं त्या चारही जागा दुरुस्त केल्या. दुपारी डबा खाताना पुष्पाबाईंचा घास हातातच राहिला. आपण तो आकडा बोललो नसतो, तर यंदाचा निकाल फसला असता आणि टेबल आणखी दहा वर्षं जागचं हललं नसतं. हा विचार आपल्याला आला याचीच त्यांना लाज वाटली. मग त्यांनी हात धुतले आणि कागद पुन्हा उलगडला.

"आते बाकीन्या दोनशे दहा," त्या म्हणाल्या.

तीन दिवस तेच चाललं. त्या विचारायच्या, भिकन समजावायचा, दुरुस्त करायचा, आणि त्या ओळीवर लाल रेघ मारायच्या. पुष्कळशा तक्रारी बिनमहत्त्वाच्या निघाल्या. एके ठिकाणी भिकननं डबा मांडून ठेवला होता आणि वापरलाच नव्हता. पुष्पाबाई खूप हसल्या, त्यांच्या घरच्या फडताळात असे सहा होते. तरी तोही काढायला लावला.

"पुष्पाबाई, शनिवारी निकाल द्यायचाय. लहानसहान सोडून द्या ना," शेठ कुरकुरले.

"शेठ, लहानसहान सोडली असती तर परवाची मोठी दिसली नसती. गर्दीत दडली होती ती," त्या म्हणाल्या. शेठ खाली दुकानात गेले.

शुक्रवारी दुपारी भिकननं लिंटला सगळं पुन्हा वाचायचा शेवटचा हुकूम दिला. प्रिंटर हललासुद्धा नाही.

"बिघडना का रे?"

"नही, अक्का. त्याले आते काही म्हणनं नही. म्हणीसन गप शे."

पुष्पाबाई त्या गप्प प्रिंटरकडे बघून म्हणाल्या, "माले एक पान काढी दे."

भिकननं बटण दाबलं. एक कोरं पान सरकत बाहेर आलं. पुष्पाबाईंनी दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या सावकाश फाडल्या, पान टेबलावर फूटपट्टीनं सपाट केलं, वर तारीख घातली, मधोमध 'पडताळले' लिहिलं, खाली नेहमीसारखी पूर्ण सही केली आणि ते निकालाच्या फाइलला लावलं.

फाइल न्यायला आलेले शेठ ते पान उलटंपालटं करून बघू लागले. "यावर छापलेलं तर काहीच नाही. कोरा कागद कशाला लावलात?"

"कोरा नाही तो, शेठ. तपासलेला आहे."

शेठनं पान परत फाइलला लावलं आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी टेबल पुसलं, फूटपट्टी भिकनच्या पुढ्यात ठेवली. लाल पेन्सिल मंडळाची होती, जेमतेम बोटभर उरलेली. ती त्यांनी पिशवीत टाकली आणि जिना उतरल्या.